पिवळीची खोड

…तर पाणी काचेपर्यंत चढलं नव्हतं, सीटच्या बैठकीला लागलं होतं, इथवर सांगून काल आपण उठलो. लोक काय, काहीही सांगतात. कोणी म्हणतं गाडी पूर्णेत वाहून गेली, कोणी म्हणतं तिच्यातून जिवंत मासे काढले. मासे निघाले नाहीत. एक खेकडा निघाला, तोही लहान.

नाल्यावरची फरशी होती ती. फरशी म्हणजे असा बुटका पूल, की त्याच्यावरून पाणी वाहायला लागलं की शहाणा माणूस अलीकडेच बिडी पेटवून बसतो. गाडी होती लॅम्बोर्गिनी, हळदीसारखी पिवळी. चालवत होता कुंदन, मुक्ताईनगरकडच्या मोठ्या केळीवाल्यांचा एकुलता मुलगा, बंगला जळगावात, बागा गावाकडे. आणि शेजारच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता चुडामण, त्याचा ड्रायव्हर. सगळी गोष्ट या चुडामणचीच आहे. गाडी काय, आली नि गेली.

ड्रायव्हर बाजूला आणि मालक चाकावर, हे उलटं कसं, असं कोणीही विचारील. त्या गाड्यांना सीटाच दोन. चालवायची हौस मालकाला. पण गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही नाही, आणि आपल्याकडे स्पीडब्रेकर कसे, तर एकेक म्हशीच्या पाठीएवढा. म्हणून चुडामण सोबत. ब्रेकर आला की त्यानं उतरायचं, पुढं जायचं, वाकून गाडीच्या पोटाखाली बघायचं आणि हात वर करून बोलवायचं, "ये… ये… तिरपी घे… अजून तिरपी… बस." गाडी न घासता पार झाली की पळत येऊन पुन्हा बसायचं. साठी ओलांडलेला माणूस, पण या कामाची त्याला लाज नव्हती. त्याचा बाप झुलाल असाच बैलांपुढं चालायचा.

त्या दिवशी फरशीपाशी चुडामण म्हणाला, "भाऊ, पाणी आहे."

"दोन बोटं आहे, आबा."

"कोणाची दोन बोटं?"

कुंदन हसला आणि त्यानं गाडी घातली. मधोमध ती बंद पडली. मग केळीच्या घडांचा ट्रॅक्टर आला, दोर बांधले, पिवळी मागं ओढून काढली. कुंदन रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून रडला. चुडामणनं उपरण्यानं त्याचे डोळे पुसले. लहानपणी यात्रेत हरवला होता तेव्हा पुसले होते, तसेच.

गाडी वाळवायची कुठं? तर कुंदनचं केळी पिकवायचं चेंबर होतं, बंद खोली, मोठमोठे पंखे. ते रिकामं केलं आणि पिवळी आत घातली. रात्रंदिवस पंखे चालू. मुंबईहून एक मेकॅनिक गुपचूप येऊन वायरी, गालिचे, काय काय बदलून गेला. गाडी उठली, पळाली, गर्जली. पण दोन गोष्टी राहिल्या. दमट सकाळी समोरच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा आपोआप पेटायचा. आणि आत बसलं की पिकलेल्या केळ्याचा वास यायचा. अत्तर मारलं, कापूर ठेवला, लिंबं ठेवली. वास गेला नाही. बेबाबाई, म्हणजे चुडामणची बायको, म्हणाली, "चांगलं झालं, शिकरण तरी आठवत राहील." ती अशीच बोलायची.

आता चुडामण या घरी कसा, तेही सांगितलं पाहिजे. झुलाल हा कुंदनच्या आजोबांचा, कौतिक नानांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं, हे आपल्या खान्देशात पोराटोरांना ठाऊक. आखाजीच्या दिवशी नाना झुलालला घरी बोलवायचे, पुरणपोळी आणि आमरस वाढायचे, नवे कपडे द्यायचे आणि म्हणायचे, "राहजो." एवढा एक शब्द. तो पडला की साल पक्कं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, झुलाल गेला, चुडामण आला, ट्रॅक्टरचा ट्रक झाला, ट्रकची गाडी झाली, पण आखाजीचं जेवण, कपडे आणि तो शब्द कुंदनच्या घरानं सोडला नव्हता.

दुसरी एक रीत होती, आणि सगळं घोडं तिथंच अडलं. घरचा बैल विकायचा झाला की नाना स्वतः त्याचे गुण-दोष सांगायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचे, "मला काय विचारता? झुलालले विचारा." कारण बैलाची खोड मालकाला नाही, हाकणाऱ्याला ठाऊक. आणि झुलाल असेल ते सांगायचा. एकदा सावद्याच्या बाजारात असा पांढराशुभ्र खिल्लारी उभा केला, की लोकांनी दृष्ट काढावी. गिऱ्हाईकानं विचारलं, झुलाल म्हणाला, "पाणी पाहिलं का बसतो." सौदा तिथंच मोडला. बैल घेऊन दोघं पायी परत निघाले. वाटेत नाला लागला आणि बैल खरंच बसला. नाना बांधावर बसून पोट धरधरून हसले, आणि घरी आल्यावर स्वतःच्या डोक्याचं पागोटं त्यांनी झुलालच्या डोक्यावर ठेवलं. ते पागोटं चुडामणच्या घरी अजून आहे. कुंदन लहानपणी चुडामणच्या मांडीवर बसून ही गोष्ट परत परत सांगायला लावायचा. बैल बसतो तिथं स्वतःच खाली बसून दाखवायचा.

आता गाड्यांचं ऐका. कुंदननं सगळ्यात आधी घेतली होती पोर्शे, पांढरी. चुडामणला विचाराल तर तीच खरी. बागेच्या बांधापर्यंत जायची, मुंबईला जाऊन यायची, ऊन असो पाऊस असो, किल्ली फिरवली की हजर. पुढच्या डिक्कीत भाजीची पिशवी मावायची. बेबाबाईच्या गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा तिला दवाखान्यात त्याच गाडीनं नेलं, आणि उतरताना ती म्हणाली, "बसायले खड्ड्यात बसल्यावानी आहे, पण पोटातलं पाणी हाललं नाही." पण जळगावात सिग्नलला उभी राहिली की एखादा स्कूटरवाला काच ठोकून विचारायचा, "कोणती मारुती आहे ही?" कुंदनच्या काळजाला घरं पडायची. शेवटी विकली. विकताना घेणाऱ्यानं काही विचारलंच नाही. ज्या बैलाला खोड नाही, त्याच्यासाठी सालदाराला कोण उठवतो?

मग आली पिवळी. तिची दारं कोंबडीनं पंख उचलावे तशी वर उघडायची. शाळा सुटलेली पोरं रिळं काढायला मागं धावायची. लग्नात उभी केली तर नवरदेव एकीकडे आणि पाहुणे गाडीभोवती. पण पाळायची म्हटली तर अवघड जनावर. मागचं काही दिसत नाही, म्हणून रिव्हर्सला चुडामण. आवाज असा, की गल्लीतल्या म्हशी पान्हा चोरायच्या, आणि म्हशीवाला भांडायला येई तोही चुडामणशीच.

आणि तिसरी फेरारी, लाल. ती धुळ्याला, देवपुरात, योगराजची. योगराज हा कुंदनचा मित्र, नरडाण्याला पाइपांचा कारखाना. लाल मोठी मानी. चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची, म्हणून घरात असेल तेव्हा तिला भिंतीतून वायर जोडून ठेवायची. योगराजची बायको कामिनी म्हणायची, "सासूबाईंना लावलं नाही एवढं सलाईन हिला लावतात." तरी योगराज कुंदनला फोनवर रोज डिवचायचा, "तुनी गाडी देखीसन लोके नाचतस, मनी देखीसन चूप होतस. हाऊ फरक शे."

दोघांचं हेच चालायचं. पिवळी बरी की लाल, मिरवायला कोणती, पाळायला कोणती, विकायला गेलं तर कोणत्या गाडीला मान. ज्याला त्याला दुसऱ्याच्या बैलाचं वशिंड मोठं दिसतं. होता होता एका हिवाळ्यात ठरलं, अदलाबदल करायची. पिवळी धुळ्याला, लाल जळगावला.

पिवळी घेऊन कुंदन आणि चुडामण देवपुरात गेले. अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या, योगराजचे चार मित्र खुर्च्या टाकून बसलेले, चहा फिरतोय. योगराजनं पिवळीभोवती चक्कर मारली, आत बसला, बाहेर आला, पुन्हा बसला. नाक ओढलं.

"कुंदन, इना मा केळास्ना वास काबर येस रे?"

"केळीवाल्याची गाडी आहे. पाइपाचा वास येईल का?"

सगळे हसले. कुंदनला जोर चढला. खुर्चीत मागं रेलून, पायावर पाय टाकून, अगदी आजोबांच्या थाटात तो म्हणाला, "मला काय विचारतोस? चुडामणला विचार."

चुडामण पायरीवर बशीत चहा ओतत होता. ते शब्द ऐकले आणि त्याच्या अंगावर रोमांच आले. बापानंतर ते शब्द या घरातल्या कोणी तोंडातून काढलेच नव्हते. पोर्शेच्या वेळी नाहीत, ट्रॅक्टरच्या वेळी नाहीत. त्याला वाटलं, पोरगं फरशीवर चुकलं, पण आज नानांचा नातू शोभला. चारचौघांत उजळ माथ्यानं मालकानं त्याला पुढं केलं होतं. बशी तशीच ठेवून तो उठला.

योगराज त्याला घराच्या मागं घेऊन गेला, पेरूच्या झाडाखाली. "सांग आबा. खोड काय शे? तुनं नाव मना तोंडमा येवाव नही."

"नाव यायले काय झालं?" चुडामण म्हणाला. "मालकानंच सांगितलं ना इचार म्हणून." आणि त्यानं सांगितलं. फरशी, पाणी, चेंबर, मुंबईचा मेकॅनिक, दमट सकाळचा दिवा. हेही सांगितलं, की गाडी आज ठणठणीत आहे, फक्त पाण्यापासून जपायची. बापानं बैलाचं सांगितलं असतं तसंच, ना कमी ना जास्त.

योगराजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग अंगणात आला आणि सगळ्यांच्या मधे उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "काय कुंदनशेठ, माले बुडेल गाडी गयामा बांधी ऱ्हायना व्हता का? तुना ड्रायव्हरच सांगस, बठ्ठी पानीमा व्हती."

नाव तोंडात येणार नव्हतं. पेरूच्या झाडापासून अंगणापर्यंत ते टिकलं नाही.

बुडालेली गाडी गळ्यात बांधायची गोष्ट ऐकून चार मित्र हसले. कुंदनही हसला, सगळ्यात मोठ्यानं. म्हणाला, "म्हातारा झाला, काही बोलतो." चुडामणला ते हसणं बरोबर वाटलं नाही, पण त्याला वाटलं, नाला येऊ दे. नाल्यापाशी हा पोट धरून हसेल.

अदलाबदल मोडली, दोघं पिवळीतूनच परत निघाले. पारोळा गेलं. चुडामणनं एकदा म्हणून पाहिलं, "भाऊ, तुले नानांचा खिल्लारी आठवतो का?" कुंदननं गाणी लावली. गाडीत केळ्याचा वास आणि कानठळ्या बसवणारी गाणी.

एरंडोलजवळ तो मोठा ब्रेकर आला. गाडी थांबली. चुडामण सवयीनं उतरला, पुढं गेला, वाकून पोटाखाली पाहिलं, हात वर केला. "ये… ये… तिरपी घे… बस, आता ये." पिवळी हळूच चढली, हळूच उतरली, कुठं घासली नाही. चुडामण बाजूला झाला, दाराकडे निघाला. गाडी थांबली नाही. आवाज वाढला आणि ती जळगावच्या दिशेनं गेली.

त्याचा हात अजून वरच होता. पानटपरीवरचा एक जण म्हणाला, "बाबा, गाडी गेली, हात खाली घ्या." चुडामणला वाटलं, पुढं निंबाखाली थांबली असेल. तो निंबापर्यंत चालत गेला. मग पुढच्या निंबापर्यंत. पायातली चप्पल गाडीतच राहिली होती, कारण गालिचे नवे म्हणून कुंदन त्याला चप्पल काढून बसवायचा आणि ब्रेकरला तो तसाच उतरायचा. शेवटी एसटीला हात दाखवला. कंडक्टरनं त्याच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या देवाला?"

घरी आल्यावर बेबाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पाय धुवायला पाणी दिलं. म्हणाली, "बैलालेबी मालक दाव्यावर आणून बांधतो."

"विसरला असंन."

"विसरायले तू काय छत्री आहे?"

दुसऱ्या दिवशी चुडामण नेहमीच्या वेळी बंगल्यावर गेला. वॉचमननं फाटक उघडलं नाही, फाटकाच्या गजांतून चप्पल दिली. मग हळूहळू गावात कानावर यायला लागलं. कुंदनशेठ म्हणतात, घरभेदी निघाला. ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घराला आग लावली. धुळ्यावाल्यानं चहा पाजून फोडला. ज्यांच्यासमोर चुडामण कधी मान खाली घालून गेला नव्हता, ते चावडीवरचे म्हातारे तो आला की बोलणं बदलायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, "खरं सांग, त्यानं तुले काय दिलं?"

चुडामणला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हेच. काम गेलं तर दुसरं मिळतं. पण तो रात्रंदिवस एकच गोष्ट घोळवायचा. कुंदननं विचार म्हटलं, ते मनापासून म्हटलं की नुसतं ऐटीत? मनापासून म्हटलं असेल तर राग कशाचा? आणि नुसतं ऐटीत म्हटलं असेल, तर मग मांडीवर बसून एवढी वर्षं बैल बसल्याचं जे सोंग केलं, तेही सोंगच होतं का? बेबाबाई म्हणायची, "त्याले बैल बसतो तेवढंच आवडायचं. मधलं काही ऐकलंच नव्हतं त्यानं."  तिचं खरं आहे हे चुडामणला कळत होतं.

आखाजी आली. मुलगी मोहिनी माहेरपणाला आली होती, दारातल्या निंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या लेकीबाळी गाणी म्हणत होत्या. चुडामण सकाळीच अंघोळ करून धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसला. कोणाची वाट बघतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि घरातल्या कोणी विचारलं नाही. दुपार झाली. बेबाबाईनं त्याचं ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस. आतापर्यंत आखाजीला तो कधी घरी जेवला नव्हता, नेहमी बंगल्यावर. त्यानं ताटाला नमस्कार केला आणि पहिला घास मोडला, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली.

कुंदन एकटाच आला. हातात नव्या कपड्यांची पिशवी. झोका थांबला. मोहिनीनं खाट टाकली, पाणी आणलं. कुंदन खाटेवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"आबा, आखाजी आहे म्हणून आलो."

चुडामणचे डोळे भरून आले. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"आणि एक काम होतं," कुंदन म्हणाला. "इंदूरचा माणूस आलाय. पिवळी बघायला. बंगल्यावर बसलाय."

चुडामणनं मान हलवली.

"धुळ्यापासून इंदुरापर्यंत योगराजनं सगळ्यांचे कान भरलेत. जळगावात तर कोणी विचारत नाही. हा एकटा आला, पण अडून बसलाय. म्हणतो, तुमच्या घरी चुडामण म्हणून आहे, तो खोटं बोलत नाही असं ऐकलंय. त्याला आणा, तो म्हणाला तर घेतो." कुंदननं पिशवी खाटेवरून पुढं सरकवली. "फक्त एवढंच म्हणायचं, गाडी पाण्यात कधी गेली नाही. एक वाक्य. मग उद्यापासून कामावर या. राहजो, आबा."

तो शब्द पडला. नानांचाच शब्द, नानांच्याच दिवशी. बेबाबाई दारात उलथनं घेऊन उभी होती. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. चुडामणनं पिशवी उघडून पाहिली. आत पांढरा सदरा होता, घडी न मोडलेला. मग त्यानं हात धुतला, उपरण्याला पुसला, पायात चप्पल घातली आणि कुंदनकडे बघून म्हणाला:

"कपडे राहू दे आठीच. चाल, येतो मी. पण तू पयले त्या माणसासमोर तोंडानं म्हण, चुडामणले इचार. मंग तो इचारीन, आन् पाणी कोठलोक आलतं ते मी सीटले हात लावून दाखवीन. आन् येताना मले घरालोक आणून सोडजो, भाऊ. मधात नको उतरवजो."